दृष्टिपटलाचे छायाचित्र

देहाला छेद न देता आतल्या रक्तवाहिन्या न्याहाळता याव्यात अशी जी सोय निसर्गाने डोळ्याच्या तळाशी ठेवली आहे, तशी ती शरीरात अन्यत्र नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली आपल्या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली आणि बाहुलीमागचा अंधार वैद्यकाला प्रथम उजळून पाहता आला. तेव्हापासून या विद्येने मारलेली मजल थक्क करणारी आहे. १९९१ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून दृष्टिपटलाचे थर एकेक करून दाखविणारी पद्धत मांडली. आज नेत्ररुग्णालयांत ती 'ओ.सी.टी.' या नावाने परिचित आहे.

पुढची कथा अधिक मनोरंजक आहे. वातावरणातील खळबळीमुळे तारे अस्पष्ट दिसतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणीत क्षणोक्षणी आकार बदलणारा आरसा बसविला. डोळ्याचे भिंग आणि पारदर्शक पटल हीदेखील निर्दोष नसतात. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच आरसा डोळ्याकडे वळविला आणि १९९७ साली जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील एकेक शंकुपेशी चित्रात उमटली. केसाच्या जाडीत अशा वीसेक पेशी शेजारी शेजारी बसतील!

या पराक्रमाचे कौतुक करताना आम्हांला मात्र वेगळीच चिंता वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा प्रारंभी ना दुखते, ना खुपते. नजर अंधुक होते तोवर बरेच नुकसान झालेले असते. वेळीच कळल्यास लेसरने वा इंजेक्शनांनी दृष्टी राखता येते. गेलेली दृष्टी मात्र बहुधा परतत नाही. म्हणूनच मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी डोळ्याचा तळ तपासून घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

सांगणे सोपे आहे. काणकोणच्या एखाद्या खेड्यातील कष्टकऱ्याने त्यासाठी शहर गाठायचे, डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे, मग काही तास धूसर नजरेने सोबत्याचा हात धरून बसस्थानक शोधायचे. दोघांचीही दिवसाची मजुरी बुडते. ज्या डोळ्याला काहीच होत नाही, त्यासाठी हा खटाटोप कोण करील? त्याला निष्काळजी म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

थेंबांविना छायाचित्र घेणारे कॅमेरे आता उपलब्ध आहेत. मोबाइल फोनवर चालणारे कॅमेरे तर आपल्या बंगळुरूतच बनतात. छायाचित्र वाचून धोका सांगणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेस अमेरिकेने २०१८ साली मान्यताही दिली. एकेक पेशी दाखविणारे यंत्र संशोधकांपाशी राहो. आमचे काम साध्या छायाचित्राने भागेल. जेथे रक्तातील साखर मोजली जाते तेथेच, त्याच दिवशी ते निघाले पाहिजे, आणि दोष दिसल्यास पुढील उपचाराची तारीख रुग्णाच्या हाती पडली पाहिजे. फीत कापून खोलीत बंद केलेली यंत्रे आपण काही कमी पाहिलेली नाहीत.

आरोग्य खात्याच्या मागण्या विधानसभेत चर्चेला येतील तेव्हा काणकोण, सांगे, सत्तरी व पेडणे येथील आमदारांनी दोनच प्रश्न विचारावेत: आमच्या आरोग्य केंद्रात हा कॅमेरा आहे काय, आणि असल्यास तो चालवितो कोण?