मांजराची किंमत आणि खिडकीचा खर्च

मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात मांजर पाळणे हा फारसा खर्चाचा विषय कधी नव्हता. अन्न महामंडळाची गोदामे, धान्याची दुकाने आणि रेल्वेच्या बैठ्या चाळी यांच्या आश्रयाने मांजरे वाढली. उंदरांचा बंदोबस्त ही त्यांची चाकरी आणि वाटीभर दूध हा तिचा मोबदला. कौलावरून उडी चुकली तरी खाली अंगणच असे. आता अंगणाची जागा मजली इमारतींनी घेतली आहे, आणि पर्शियन किंवा मेन कून जातीचे भारदस्त मांजर सदनिकेत पाळण्याचा मोठ्या शहरांतील शौक लहान गावांकडेही सरकत आहे. मेन कून जातीचा बोका सहज सात-आठ किलो भरतो. त्यासाठी हजारो रुपये मोजले जातात. परंतु घराच्या खिडकीला मजबूत जाळी आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या बेफिकिरीच्या मुळाशी एक जुना समज आहे: मांजर कोठूनही पडले तरी चार पायांवरच पडते. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयातील दोन डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली, असे तीत आढळले, आणि तेव्हापासून या समजाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. परंतु जी मांजरे जागीच मेली त्यांना रुग्णालयात कोण नेणार? जी वाचण्याजोगी होती तीच बहुतांशी मोजली गेली. नमुना कसा निवडला हे न पाहता टक्केवारी स्वीकारली की असा घोटाळा होतो. शिवाय देह मोठा झाला की वजन ज्या वेगाने वाढते त्या वेगाने हाडांचे बळ वाढत नाही. मोठ्या मांजराला पडण्याचा धोका अधिक, तो यामुळेच.

तेव्हा पहिला खर्च खिडकी आणि गॅलरीवर व्हायला हवा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने कुजते आणि दातांनी तुटते. डासांची जाळी तर वजनदार मांजराच्या एका धक्क्याने निघते. चौकटीत घट्ट बसवलेली लोखंडी जाळीच टिकते. दुसरी बाब पाण्याची. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येण्याचा अनुभव मनमाडकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यातूनच पिंपे आणि टाक्या भरून ठेवण्याची सवय घराघरांत रुजली. अर्धे भरलेले, उघडे पिंप म्हणजे मांजरासाठी गुळगुळीत भिंतींची विहीरच. तिसरी बाब कपाटातली. पॅरासिटामॉलची गोळी, डांबरगोळ्या, फिनेल ही नित्याची वस्तू मांजराला विषासमान आहे, कारण असली द्रव्ये निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार कमी असते. उंदीर मारण्याचे औषध आणि पुष्पगुच्छातील लिलीही तितकीच घातक.

जेथे माणसांना पाण्यासाठी ताटकळावे लागते तेथे मांजराचे हे लाड कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. पण मांजर विकत घेण्याची सक्ती कोणावरही नाही. ज्याला जाळीचा खर्च झेपत नाही त्याने ते आणू नये, हाच त्या आक्षेपाचा तर्कशुद्ध अर्थ होतो. शिवाय झाकलेले पिंप, कुलूपबंद औषधे आणि भक्कम जाळी यांचा उपयोग मांजरापुरता नसतो. रांगते मूल ज्या घरात आहे त्या घराला या तिन्ही गोष्टी हव्यातच.

कायद्याकडून येथे फार अपेक्षा करता येत नाही. प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे आणि त्याला सोडून देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरवले. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. हजारोंच्या प्राण्यापुढे हा दंड म्हणजे थट्टाच. दुसरीकडे, गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. संस्थांनी त्यापुढे एक पाऊल टाकावे. इमारतीची शोभा जाते म्हणून जाळीला हरकत घ्यायची आणि मांजर शेजारच्या गॅलरीत शिरले म्हणून तक्रारही करायची, हा दुटप्पीपणा सोडून जाळीचा एकच नमुना सर्वांसाठी ठरवून द्यावा.

अंगणातले मांजर स्वतःचे रक्षण स्वतः करीत असे, कारण पळायला त्याला वाट होती. सदनिकेत आणताना माणूस ती वाट बंद करतो. वाट बंद करणाऱ्याने रक्षणाचा भारही उचललाच पाहिजे. मांजराची किंमत विक्रेत्याला दिली की हिशेब संपत नाही. तो तेथून सुरू होतो.