ट्यूब की ट्रान्झिस्टर? उपनगरातल्या फ्लॅटसाठी कुठला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा

अंधारी खोली, फिरणारी रेकॉर्ड आणि मधोमध नारिंगी चमकणाऱ्या काचेच्या नळ्या. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला: 'पहिला सेटअप करतोय, ट्यूब अ‍ॅम्प घेऊ का?' चांगल्या ट्यूब अ‍ॅम्पची किंमत सहज लाखाच्या पुढे जाते. ईएमआयवर घेणारेही आहेत. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, आपल्या वन बीएचकेच्या हॉलसाठी पहिला अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, म्हणजे सॉलिड-स्टेटच घ्यावा.

ट्यूब म्हणजे आजोबा ज्याला 'व्हॉल्व्ह' म्हणायचे तीच. रेडिओ लावल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मग आवाज यायचा, तो या व्हॉल्व्हमुळे. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत व्हॉल्व्ह घरातून गेले. हायएंडमध्ये मात्र ते टिकले. आपल्या पुण्याच्या केडन्सनंही ट्यूब अ‍ॅम्प आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आहेत, त्यामुळे हे काही फक्त जपान-अमेरिकेचं खूळ नाही.

'ट्यूबचा आवाज गोड' असं सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण जादू नाही. एक कारण म्हणजे विकृती. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पमध्ये ती टक्क्याच्या शंभराव्या-हजाराव्या भागात असते. ३००बी सारख्या एकाच ट्यूबवर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये आवाज वाढवला की ती टक्क्यात मोजावी लागते. पण ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातली. सा मध्ये तार सा मिसळल्यासारखं. कानाला ते खटकत नाही, उलट भरल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण फार कमी लोक सांगतात. अशा ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स दोन-तीन ओहम असू शकतो, सॉलिड-स्टेटचा ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. आता स्पीकर 'आठ ओहमचा' असं डब्यावर लिहिलं असलं तरी तो कुठे ४ तर कुठे २० ओहम होतो. अ‍ॅम्पचे २ ओहम धरून हिशेब केला तर स्पीकरच्या एका भागात आवाज दुसऱ्यापेक्षा जवळपास पावणेतीन डेसिबल वर जातो. म्हणजे तुमच्या फोनमधल्या इक्वलायझरची पट्टी कोणीतरी न विचारता सरकवून ठेवली. स्पीकर बदलला की 'गोडवा' बदलतो, तो यामुळेच.

१९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन इंजिनिअरनं 'स्टिरिओफाइल' मासिकाचं आव्हान घेतलं. मासिकानं निवडलेल्या महागड्या अ‍ॅम्पसारखा आपला स्वस्त सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प करून दाखवायचा. तो महागडा अ‍ॅम्प ट्यूबचा होता, हे नंतर उघड झालं. कार्व्हरनं दोन दिवसांत फेरफार केले आणि संपादकांना फरक ओळखता आला नाही. पुढे कारखान्यातून निघालेल्या मॉडेलवरून वाद झाला, तो वेगळा. पण 'ट्यूबचा आवाज ट्रान्झिस्टरमधून निघूच शकत नाही' हे म्हणणं त्या दिवशी ढिलं पडलं.

आता आपल्या हॉलकडे येऊ. दहा बाय चौदा फूट, भिंतीपलीकडे शेजारी. साधारण ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर सरासरी ७० डेसिबलनं ऐकायला वॉटचा तिसावा भागही पुरतो. तबल्याची थाप २० डेसिबलनं उसळली तरी तीन-साडेतीन वॉट. म्हणजे ८ वॉटचा ३००बी चालेल! खरंच चालेल. पण रविवारी दुपारी सरासरी ८० वर नेलीत की त्याच थापेला तीस-पस्तीस वॉट लागतात आणि बिचारा तिथे धापा टाकतो.

आणि हे ८ वॉट फुकट येत नाहीत. मध्यम ट्यूब अ‍ॅम्प गाणं हळू वाजो की जोरात, दीडशे-दोनशे वॉट खातोच. रोज तीन तास धरले तर २०० वॉटचे महिन्याला १८ युनिट. बिल अदानीचं असो, टाटाचं असो की मुलुंडला महावितरणचं. ऑक्टोबरमध्ये ती सगळी उष्णता हॉलमध्येच राहते, मग एसी वाढवा. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ उरू शकतं. घरात लहान मूल असेल तर जाळीचं झाकण काढून रील बनवू नका.

ट्यूब झिजतात, हा सगळ्यात मोठा मुद्दा. पॉवर ट्यूब काही हजार तासांत बदलावी लागते, म्हणजे रोज तीन तास ऐकणाऱ्याला काही वर्षांत नवा संच. जगात त्या बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके: रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात जेजे, चीनमध्ये एक-दोन, अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियानं निर्यातीवर निर्बंध आणले आणि जगभर ट्यूबची टंचाई झाली, भाव चढले. पुरवठा नंतर सुरू झाला, पण इतक्या दूरच्या युद्धानं आपल्या हॉलमधला अ‍ॅम्प महाग होतो हे तेव्हा कळलं. सॉलिड-स्टेटचा कपॅसिटर फुगला तर लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली की काम होतं.

पाच-दहा हजारांच्या 'ट्यूब' डब्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. बहुतेकांत काम करते ती क्लास डी चिप. ट्यूब पुढे नावाला, आणि नारिंगी चमक अनेकदा तिच्या बुडाशी लावलेल्या एलईडीची. ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतात, तो उचलताना कंबर आठवते. एका हातात मावणारा डबा तसा नसतो.

हे वाचूनही मन ट्यूबकडेच ओढत असेल, तर डेमोला स्वतःचे स्पीकर घेऊन जा. दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज फोनमधल्या डेसिबल मीटरनं सारखा करून मागा, कारण एक-दोन डेसिबल मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला नेहमी चांगला वाटतो. मग मित्राला स्विच करायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.