कोड तोच, तरी रात्रीचं काम बंद का पडतं? समजून घ्या ‘डिपेंडन्सी’चा घोळ

कोडमधली एक ओळही बदललेली नाही. काल रात्री नीट चाललेलं काम आज मात्र एरर देऊन बंद! जून 2024 मध्ये डेटावर काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला. कारण होतं नमपाय 2.0.

नमपाय ही पायथॉनमधली आकडेमोडीची मोफत लायब्ररी. 2006 नंतरची तिची ही पहिलीच मोठी आवृत्ती 16 जूनला आली. जुन्या नमपायवर कंपाइल केलेली अनेक पॅकेजेस तिच्यासोबत चालेनात. ज्यांनी ‘नमपाय हवं’ एवढंच लिहिलं होतं, कोणती आवृत्ती ते लिहिलं नव्हतं, त्यांच्याकडे नवी आवृत्ती आपोआप येऊ शकत होती.

डिपेंडन्सी म्हणजे काय?

आपला प्रोग्रॅम ज्या तयार लायब्ररींवर अवलंबून असतो, त्या त्याच्या डिपेंडन्सी. त्या लायब्ररी पुन्हा दुसऱ्यांवर अवलंबून असतात. साखळी अशी लांबत जाते.

मोठ्या कंपन्यांमध्ये दिवसभराचा हिशोब रात्री लावला जातो. कोणतं काम कधी आणि कोणत्या कामानंतर चालवायचं, हे एअरफ्लो किंवा ऊझीसारखे शेड्युलर ठरवतात. प्रत्यक्ष काम स्पार्कसारखी यंत्रणा अनेक मशीनवर वाटून देते. गोची इथेच आहे. मुख्य मशीनवर लायब्ररी आहे, पण काम करणाऱ्या बाकीच्या मशीनवर नाही किंवा वेगळ्या आवृत्तीची आहे, तर काम मध्येच कोसळतं. ऊझीमध्ये सामायिक लायब्ररींचा एक फोल्डर असतो. त्यातली एक आवृत्ती आणि कामासोबत आलेली दुसरी आवृत्ती, अशा दोन्ही समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं.

फक्त काम अडतं, एवढंच का?

नाही. डिसेंबर 2022 मध्ये कुणीतरी पायथॉनच्या सार्वजनिक पॅकेज भांडारात ‘टॉर्चट्रायटन’ नावाचं बनावट पॅकेज टाकलं. पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात याच नावाचं खरं पॅकेज होतं. पण इन्स्टॉल करताना सार्वजनिक भांडारातलं उचललं गेलं. 25 ते 30 डिसेंबरदरम्यान लिनक्सवर पिप वापरून पायटॉर्चची रोज रात्री निघणारी चाचणी आवृत्ती घेणाऱ्यांच्या मशीनवर ते पोहोचलं. ते एसएसएच कीसारख्या गुप्त फाइल्स बाहेर पाठवत होतं. विचार करा, इन्स्टॉलचं काम शेड्युलर मध्यरात्री करत असेल, तर पाहायला कोण जागं असणार?

मग उपाय काय?

प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहून ठेवणं, ही पहिली पायरी. एअरफ्लो स्वतःच्या प्रत्येक आवृत्तीसोबत तपासलेल्या आवृत्त्यांची यादी देतं, ती याचसाठी. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक कामाच्या लायब्ररी त्याच्या स्वतःच्या कंटेनरमध्ये किंवा पॅक केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवणं आणि तीच प्रत सगळ्या मशीनवर पाठवणं. तिसरी, डाउनलोड झालेली फाइल तीच आहे ना, हे हॅशने तपासणं.

पण आवृत्ती बांधून ठेवली की काम संपलं, असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा धोका जुन्या आवृत्तीतच होता. आपल्या कुठल्या कामात ती दडली आहे, हे शोधण्यातच अनेकांचे दिवस गेले. त्यामुळे आवृत्त्यांची यादी हवीच, पण ती ठरावीक काळाने उघडून पाहणारा माणूसही हवा.