रंग मारायचा राहून गेला नव्हता

दोन वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका शाळेच्या प्रदर्शनात मी परीक्षक होतो. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी घरी जहाजांची मॉडेलं बनवतो हे कुणीतरी तिथे सांगितलं होतं. आम्ही तिघं टेबलांवरून फिरत होतो. एका टेबलावर आठवीतल्या मुलीनं सनबोर्डचं, साधारण हातभर लांब जहाज मांडलं होतं. पांढरं, बाजूला तिरका निळा पट्टा, मागे हेलिकॉप्टर उतरायची मोकळी जागा. सोबतचे परीक्षक म्हणाले, "बेटा, युद्धनौका राखाडी असते. रंग मारायचा राहून गेला का?" ती म्हणाली, "सर, ही युद्धनौका नाही. तटरक्षक दलाचं जहाज आहे. ते पांढरंच असतं." त्यांनी हसून मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिलं बक्षीस शेजारच्या टेबलाला गेलं. थर्माकोलची राखाडी नौका, वर आठ क्षेपणास्त्रं, प्रत्येकाच्या टोकाला तिरंगा. ती कोणत्या वर्गाची नौका आहे, असं मी त्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "भारताची."

मी गप्प बसलो. प्रमुख पाहुणे यायचे होते, चहा आला होता, आणि बाकीच्या दोघांशी वाद घालण्याइतकं हे मोठं आहे असं मला त्या क्षणी वाटलं नाही. आता वाटतं. आठवीतल्या एका मुलीनं बरोबर पाहिलं, बरोबर रंगवलं, बरोबर उत्तर दिलं, आणि तिघा मोठ्या माणसांनी मिळून तिला शिकवलं की पाहण्यात काही अर्थ नाही. त्या तिघांतला एक मी होतो.

"मॉडेलच तर आहे, एवढं काय," हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. माझं म्हणणं असं, की या जहाजाच्या बाबतीत रंग ही सजावट नाहीच. हे जहाज काय काम करतं, ते त्या रंगात लिहिलेलं आहे.

भारतीय तटरक्षक दल 1 फेब्रुवारी 1977 रोजी अंतरिम स्वरूपात सुरू झालं आणि 18 ऑगस्ट 1978 रोजी कायद्यानं उभं राहिलं. सुरुवातीला जवळ काय होतं? नौदलाकडून मिळालेल्या 'कृपाण' आणि 'कुठार' या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका. नौदल असताना वेगळं दल कशाला, याचं उत्तर कामात आहे. तस्करी रोखणं, परक्या मासेमारी नौका हटवणं, बुडणाऱ्याला वाचवणं, सांडलेलं तेल आवरणं. ही युद्धाची कामं नव्हेत, कायद्याची आणि मदतीची आहेत. युद्धनौका राखाडी असते ती क्षितिजाच्या धूसर रंगात मिसळून जावी म्हणून. तटरक्षक दलाचं जहाज पांढरं असतं ते लांबून दिसावं म्हणून. तस्करालाही दिसावं आणि इंजिन बंद पडलेल्या कोळ्यालाही दिसावं.

तो तिरका पट्टाही कुणाच्या लहरीतून आलेला नाही. अमेरिकेत कोस्ट गार्डची जहाजं लोकांना चटकन ओळखू येत नाहीत, अशी अडचण होती. रेमंड लोवी यांच्या संस्थेकडून रचना करून घेतली गेली आणि 1967 मध्ये पट्टा अधिकृत झाला: एक रुंद लाल, मग दोन अरुंद, पांढरा आणि निळा, 64 अंशांत कललेले. पुढे कॅनडापासून भारतापर्यंत अनेक देशांनी आपापल्या रंगांत ही तिरकी खूण स्वीकारली. ओळख पटावी म्हणून मुद्दाम आखलेली ही गोष्ट आहे. ती आपण 'साधारण तशी' काढली, तर तिचं काम आपल्याला कळलेलंच नाही.

आणि पांढरं रंगवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून पाहावं. पांढरा रंग खालचं काही झाकत नाही. एम-सीलचा प्रत्येक सांधा, पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा वर येतो. आधी फिका राखाडी प्रायमर, मग पातळ पांढऱ्याचे चार-पाच हात. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो, म्हणून मी पहाटे पाचला बसतो. बरं, शुद्ध चकचकीत पांढरा दिला तर जहाज बाथरूमच्या टाइलसारखं दिसतं. लांबून पाहिलेल्या मोठ्या वस्तूचा रंग डोळ्याला थोडा विरलेला दिसतो, म्हणून मॉडेलच्या पांढऱ्यात चिमूटभर राखाडी मिसळावा लागतो आणि चमक मारावी लागते. पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावली की तिच्या कडेवर आधी पुन्हा पांढराच फवारायचा, मगच निळा. टेपखाली जो रंग झिरपायचा तो पांढराच झिरपतो आणि निळ्याची कड सुरीनं कापल्यासारखी येते.

मापं कुठून आणायची? माझ्या हाती या जहाजांचा तयार किट कधी लागला नाही, त्यामुळे फोटोवरून काम चालतं. 'समर्थ' वर्गाचं जहाज 105 मीटर लांब आहे. अगदी बाजूनं घेतलेला फोटो मिळाला आणि छापल्यावर त्यात जहाज 21 सेंटिमीटर भरलं, तर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. मग पट्ट्याची रुंदी, डोलकाठीची उंची, सगळं पट्टीनं मोजता येतं. फोटो तिरका असेल तर पट्ट्याचा कोन फसवतो, तो वापरायचा नाही. 1:350 या प्रमाणात हे जहाज 30 सेंटिमीटरचं होतं. त्या मुलीनं असंच काहीतरी केलं असणार. आठवीच्या गणितातलं गुणोत्तर तिनं वापरून दाखवलं होतं, आणि आम्ही तिला विचारलं काय, तर रंग राहून गेला का.

आता दोन आक्षेप. पहिला आमच्या गावचा. "नागपुरात समुद्र कुठे आहे बाप्पा? काहून एवढी मेहनत?" समुद्र नाही, खरंच. मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरहून लांब आहे. पण आमच्या कढईतलं पामतेल जहाजानं येतं, आणि गाडीतल्या पेट्रोलचं कच्चं तेलही बहुतेक जहाजानंच येतं. 26 नोव्हेंबर 2008 ला दहा माणसं 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळवून मुंबईजवळ आली, त्यानंतर 2009 मध्ये सागरी हद्दीतल्या किनारी सुरक्षेच्या समन्वयाची जबाबदारी याच पांढऱ्या जहाजांच्या दलाकडे आली. कोकणातल्या मुलाला हे जहाज बंदरावर दिसतं. आमच्या मुलांना ते फक्त टेबलावरच दिसणार. म्हणून टेबलावरचं बरोबर असण्याची गरज रत्नागिरीपेक्षा नागपुरात जास्त आहे.

दुसरा आक्षेप आमच्या छंदातल्याच लोकांचा, आणि तो जास्त टोकदार आहे. रंगाचं एवढं काय घेऊन बसता, रंग तर खोटाही असतो. मान्य. चीननं नौदलाची छोटी लढाऊ जहाजं क्षेपणास्त्रं उतरवून, पांढरी रंगवून आपल्या तटरक्षक दलात घेतली. दक्षिण चिनी समुद्रात पांढरी जहाजं शेजाऱ्यांच्या नौकांवर पाण्याचे फवारे सोडतात. पांढरा म्हणजे सज्जन, असं मी म्हणतच नाही.

उलट माझं सगळ्यात आवडतं उदाहरण खोट्या रंगाचंच आहे. ऑक्टोबर 1999 मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघालं आणि चाच्यांनी ते पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. जहाजाला नवा रंग मारला, 'मेगा रामा' असं नवं नाव घातलं, बेलिझचा झेंडा लावला. तरीही नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात ते हेरलं गेलं, कारण जहाजाची ठेवण रंगानं बदलत नाही. पाठलाग केला तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'नं, पुढे नौदलाची 'प्रहार' येऊन मिळाली आणि जहाज पकडलं गेलं. होय, आपल्या महाराणी ताराबाईंचंच नाव. त्या काळच्या गस्ती नौकांना जिजाबाई, चांदबीबी, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई अशी नावं होती. किती मराठी घरांना हे ठाऊक आहे?

ती घटना मला हे सांगते, की रंग वाचता यायला हवा आणि रंगाच्या आतला आकारही वाचता यायला हवा. निळ्याची छटा अर्ध्या पायरीनं गडद आहे की फिकी, यावर रात्र रात्र भांडणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. मला हवी ती अचूकता साधी आहे: काय कशासाठी आहे ते कळलं पाहिजे. गस्ती जहाजाच्या वरच्या भागात दोन जाड नळ्या दिसतात, त्या आग विझवण्यासाठी पाणी फेकणाऱ्या आहेत. निम्मी मॉडेलं त्यांना तोफा समजून काळ्या करतात. खरी तोफ पुढे असते, 30 मिमीची. क्षेपणास्त्रं नसतातच. 2021 मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' पेटलं, तेव्हा आपली तटरक्षक जहाजं पाणी आणि फेस मारायलाच गेली होती. ज्या मुलानं ती नळी तोफ म्हणून चिकटवली, त्याच्या डोक्यात जहाज म्हणजे मारण्याचं यंत्र एवढंच राहणार.

दोष त्या मुलाचा नाहीच. आपल्या प्रदर्शनांना देशप्रेम हवं असतं ते क्षेपणास्त्रांच्या संख्येत. वाचवणारं जहाज त्यांना अपुरं वाटतं. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजाचं मॉडेल बनवणं ही रीतसर स्पर्धा आहे, तिथे प्रमाण आणि बारकावे तपासले जातात. शाळेच्या प्रदर्शनात मात्र तिरंगा लावला की प्रश्न संपतात. ज्या देशावर प्रेम आहे त्याचं जहाज नीट पाहायचंही नाही, हे कसलं प्रेम?

मला फार मोठी सुधारणा नको आहे. परीक्षकांच्या कागदावर एकच रकाना वाढवा: 'कशावरून?' हा रंग कशावरून, ही लांबी कशावरून, ही नळी इथे कशावरून. उत्तर देता आलं तर गुण, नाही तर नाही. त्या दिवशी हा रकाना असता तर पहिलं बक्षीस कुणाला गेलं असतं, हे सांगायला नको.

सध्या माझ्या टेबलावर 'ताराबाई' आहे. 45 मीटरचं जहाज, 1:100 प्रमाणात 45 सेंटिमीटर. पांढऱ्याचा तिसरा हात वाळतोय. त्या शाळेनं पुन्हा बोलावलं, तर हे जहाज बरोबर नेईन आणि चहा यायच्या आधीच तोंड उघडेन. ती मुलगी आता दहावीत असेल. तिनं जहाज राखाडी केलं नसलं म्हणजे मिळवलं.