रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? गल्ल्यामागच्या माणसाचा प्रश्न

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या दुकानदाराला कमरेला शस्त्र लावून फिरण्याचा परवाना मिळणे २०२२ सालापर्यंत फार अवघड होते. न्यूयॉर्कचा कायदा मूळचा १९११ सालचा. तो अर्जदाराकडे 'योग्य कारण' मागत असे, आणि नुसती भीती हे काही योग्य कारण ठरत नसे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालाने न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई येथील तशाच अटीही ढासळल्या. इतरत्र दार आधीच उघडे होते. २०२४ अखेर २९ राज्यांत तर परवान्यावाचूनच शस्त्र बाळगता येऊ लागले होते.

त्यात २०२५ सालच्या दोन बातम्या आल्या. सप्टेंबरात डॅलस येथे एका भारतीय मोटेल-व्यवस्थापकाची कोयत्याने निर्घृण हत्या झाली, आणि ऑक्टोबरात पिट्सबर्गजवळ एका मोटेलमालकाला गोळी घालून ठार करण्यात आले. मोटेल चालवणाऱ्यांत गुजराती बांधव अधिक असले तरी पेट्रोलपंप, मद्याचे दुकान, औषधाचे दुकान यांच्या गल्ल्यामागे रात्री अकरापर्यंत उभी राहणारी मराठी माणसेही या देशात कमी नाहीत. 'शस्त्र ठेवावे की नाही' हा प्रश्न त्यांतील कित्येकांनी मनाशी निकालात काढला आहे. आता चर्चा चालते ती पुढच्या प्रश्नाची: रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल? हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे समजले जाते. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार करू लागले की पहिल्याचे उत्तर आपोआप पुढ्यात येऊन उभे राहते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे पाच किंवा सहा घरांचे फिरते चाक असते. चाप ओढला की चाक एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आपटतो आणि बार उडतो. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये या कल्पनेचे अमेरिकन पेटंट घेतले. मूळ कल्पना आजही तीच आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. बाराच्या धक्क्यानेच वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीच्या तोंडाशी सारते. 'अर्धस्वयंचलित' म्हणजे मशीनगन असा काहींचा समज असतो, तो खरा नव्हे. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. मराठी माणसाला हे शस्त्र नवे नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल याच जातीचे, सावरकरांनी विलायतेहून पाठवलेल्यांपैकी. असो.

बंदुकीच्या दुकानात गेलात तर विक्रेता बहुधा पिस्तूलच पुढे करील. त्याची कारणे खोटी नसतात. पिस्तूल चपटे असते, अंगरख्याखाली दिसत नाही. चाप हलका असतो, नेम सोपा पडतो. गोळ्या अधिक. २०१८ साली आलेले सिग सॉअर पी-३६५ जवळजवळ तळहातात मावते, पण त्याच्या साध्या मॅगझिनमध्ये १० काडतुसे बसतात. स्मिथ अँड वेसनचे १९५० पासून प्रसिद्ध असलेले खिशातले रिव्हॉल्व्हर पाचांवर थांबते. (पंधरा-सतरा गोळ्यांच्या गोष्टी ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया येथे मॅगझिनची कायदेशीर मर्यादा दहाच आहे.) शेवटी विक्रेता हुकमी पत्ता टाकतो: पोलिसांनी रिव्हॉल्व्हर केव्हाच टाकून दिले, मग तुम्ही का घेता?

हा पत्ता नीट तपासण्यासारखा आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले. बऱ्याच एजंटांच्या हाती रिव्हॉल्व्हरे होती, आणि चालू चकमकीत ती पुन्हा भरणे किती कठीण असते हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर देशभरच्या पोलीस दलांनी पिस्तुलांकडे धाव घेतली. न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ मध्ये पिस्तुलांची मुभा मिळाली, आणि उरलीसुरली रिव्हॉल्व्हरे २०१८ मध्ये निवृत्त झाली.

पण या बदलाला जी किंमत पडली ती विक्रेता सांगत नाही. राजधानी वॉशिंग्टनच्या पोलिसांनी १९८८ च्या अखेरीस ग्लॉक पिस्तूल स्वीकारले. त्याला हाताने लावायचा वेगळा खटका नसतो. चापावर बोट पडले की काम झाले. पुढल्या दहा वर्षांत त्या दलात ही पिस्तुले नकळत उडण्याचे १२० हून अधिक प्रकार घडले, असे 'वॉशिंग्टन पोस्ट'ने १९९८ मध्ये दाखवून दिले. ज्यांचा हा पेशाच, ज्यांना सराव सक्तीचा, त्यांची ही कथा! पिस्तूल वाईट असा याचा अर्थ नव्हे. हलका चाप सराव मागतो, आणि तो सराव तिथे अपुरा पडला.

आता नेमाबद्दल. रँड या संस्थेने २००८ साली न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरांपैकी अवघ्या १८ गोळ्या लागल्या होत्या. समोरचा गोळ्या झाडत नसेल तेव्हाही फक्त ३०. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पिस्तूलवाले म्हणतात, पाचांतील एक लागणार असेल तर पाच गोळ्या पुरतील कशा? बरोबर. पण मग उरलेल्या चार गोळ्या कुठे जातात, हेही विचारले पाहिजे. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. मारेकरी पडला, आणि रस्त्यावरची नऊ निरपराध माणसेही जखमी झाली, सर्वच्या सर्व पोलिसांच्या गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी. आपल्या दुकानाची दर्शनी काच, तिच्या पलीकडचा पदपथ, दूध घ्यायला आलेली शेजारीण, आतल्या खोलीत गृहपाठ करणारा मुलगा, हे सारे डोळ्यांपुढे आणून मग मॅगझिनमधल्या गोळ्या मोजाव्यात. पोलिसाला माणूस पकडायचा असतो, त्याचा पाठलाग करायचा असतो. दुकानदाराला तिथून जिवंत घरी जायचे असते. दोघांचे हत्यार एकच असावे असे कुठे लिहिले आहे?

रिव्हॉल्व्हरचे गुण या दुसऱ्या कामाचे आहेत. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चाक फिरून पुढचे घर समोर येते. पिस्तुलात फुसका बार निघाला, किंवा मूठ ढिली पडून टरफल अडकले, तर दुसऱ्या हाताने स्लाइड मागे खेचून ते मोकळे करावे लागते, आणि हे भर संकटात, कापऱ्या हातांनी. संधिवाताने बोटे आखडलेल्या साठीच्या माणसाला ती स्लाइड शांतपणीही खेचवत नाही. सर्वांत मोठा गुण आमच्या दृष्टीने निराळाच आहे. रिव्हॉल्व्हरचे चाक बाजूला काढले की भरलेली आणि रिकामी घरे उघड्या डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की लोकांना वाटते, झाले रिकामे. आणि एक काडतूस नळीच्या तोंडाशी तसेच बसलेले असते. या एका गैरसमजाने आजवर पुष्कळ घरांत माणसे मेली आहेत.

दोषही आहेत. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला दहा-बारा पौंडांचे बळ लागते, पिस्तुलाला साधारण त्याच्या निम्मे. एवढे बळ लावताना नळी हलते आणि नेम चुकतो. (अर्थात तोच जड चाप नकळत बार उडण्यापासून थोडे वाचवतोही.) शिवाय 'बायकांसाठी' म्हणून जे चिमुकले, हलक्या धातूचे रिव्हॉल्व्हर दाखवले जाते ते घेऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. शस्त्र जितके हलके तितका त्याचा झटका हाताला जास्त बसतो. दोन बारांत मनगट दुखले की बाई पुन्हा सरावाला जात नाही. भारतातही २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे ०.३२ बोअरचे, अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्या किमतीत ते कोणत्या स्त्रीच्या पर्समध्ये जाणार होते, हे ते काढणाऱ्यांनाच ठाऊक.

मग घ्यावे काय? जो महिन्यातून एकदा चांदमारीला जाऊन पन्नास गोळ्या झाडील, स्लाइड अडकली तर डोळे मिटून मोकळी करील, त्याने पिस्तूल घ्यावे. ते अधिक चांगले शस्त्र आहे. ज्याला वर्षातून दोनदाच जमेल त्याने पोलादी, मध्यम वजनाचे रिव्हॉल्व्हर घ्यावे. आणि ज्याला तेवढेही जमणार नाही, त्याने दोन्ही घेऊ नये. आमच्या ओळखीचे बहुसंख्य दुकानदार, जे आठवड्याचे सातही दिवस दुकानात असतात, दुर्दैवाने या तिसऱ्या वर्गात मोडतात. न्यूयॉर्कच्या २०२२ च्या नव्या कायद्याने परवान्यासाठी १६ तासांचे वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला आहे. दोन तासांत धड पोहायलाही येत नाही.

घरातल्या धोक्यात मात्र दोन्ही शस्त्रे सारखीच. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. नापास झालेला मुलगा, नोकरी गेलेला जावई, भारतातून येऊन दिवसभर एकटे बसणारे आजोबा: आपल्या घरांत या विषयावर कुणी बोलत नाही, आणि उशाखाली किंवा गल्ल्याच्या खणात ठेवलेले शस्त्र त्यांच्या हाताशी असते. कुलपाची पेटी घेणार नसाल तर दुकानाची पायरी चढूच नका.

कायद्याचेही थोडे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक, इतकेच काय एखादे काडतूसही बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यास ती बंदी नाही, पण शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याची पाठवणी होऊ शकते. आणि असा गुन्हा घडणे फार सोपे आहे. न्यू जर्सीचा परवाना न्यूयॉर्क मानत नाही. एडिसनहून जॅक्सन हाइट्सला साड्या घ्यायला निघालेल्या गृहस्थाने कमरेचे रिव्हॉल्व्हर घरी काढून ठेवले नाही, तर पूल ओलांडताच तो गुन्हेगार ठरतो.

तोच माणूस डिसेंबरात मुंबईला निघतो तेव्हा सरावाला नेत असलेलीच पिशवी पुष्कळदा बरोबर घेतो. तिच्या कप्प्यात विसरलेले एक काडतूस विमानतळाच्या यंत्रात दिसले की भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. जाणीवपूर्वक ताबा नसेल तर गुन्हा नाही, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच मांडले आहे, आणि त्या आधारे अशी प्रकरणे न्यायालयांनी रद्दही केली आहेत. पण तोवर पासपोर्ट, वकील आणि तारखा यांत सुट्टी संपलेली असते. पिशवी भरण्यापूर्वी ती एकदा उलटी करून झटकून घ्यावी.