हृदयाच्या ताण-तपासणीचे इंजेक्शन : सूचना टेबलावर नको, घरून निघण्याआधी हव्या

“नागपूरला जाऊन स्ट्रेस थॅलियम तपासणी करून घ्या,” असे सांगितले की आमच्या वडसा, आरमोरी, कुरखेडा भागातले रुग्ण साधारण तीन प्रश्न विचारतात. खर्च किती? किती दिवस लागतील? सोबत कोणी लागेल का? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : या तपासणीत जे इंजेक्शन देतात ते कसले, आणि ते मला चालेल का?

हा प्रश्न रुग्णाने विचारला नाही तर तो डॉक्टरने स्वतःहून काढायला हवा, आणि तोही तपासणी लिहून देताना. माझे मत असे की या इंजेक्शनची सुरक्षितता निम्मी औषधात आहे आणि निम्मी आधी विचारलेल्या चार प्रश्नांत. का, ते नीट समजून घेऊ.

हे इंजेक्शन लागते कशाला?

छातीत दुखते, चालताना दम लागतो, म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का हे पाहायचे असते. ज्याला चांगले चालता येते त्याला पट्ट्यावर चालवून, म्हणजे टीएमटी करून, हृदयावर ताण देता येतो. पण गुडघे गेलेले, अर्धांगवायू झालेले, पाय कापलेला मधुमेही किंवा चार पावलांत थकणारे वयस्कर यांना पट्ट्यावर कसे चालवणार? त्यांना औषधाने तसा परिणाम घडवून आणतात. अडिनोसिन, रेगाडेनोसॉन, डायपिरिडामोल ही रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधे. डोब्युटामिन वेगळ्या जातीचे, ते हृदयाचे ठोके वाढवते.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. इटियाडोहच्या नहराला पाणी कमी असते तेव्हा साफ पाट आणि गाळाने भरलेला पाट यांत फारसा फरक कळत नाही. दोन्हींतून थोडे थोडे पाणी येतच असते. नहराला भरपूर पाणी सोडले की साफ पाट दुथडी वाहतो आणि गाळाचा पाट तसाच रेंगाळतो. कोणत्या बांधीला पाणी कमी पडते ते तेव्हा कळते. ही औषधे निरोगी रक्तवाहिनीतला प्रवाह दुप्पट-तिप्पट करतात. अडथळा असलेली वाहिनी तेवढी रुंद होऊ शकत नाही. त्याच वेळी शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देतात आणि कॅमेऱ्यात हृदयाचा कोणता भाग कमी उजळतो ते पाहतात. या द्रव्यावरूनच तपासणीला ‘थॅलियम’ नाव पडले. आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात. त्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते, थॅलियमची निम्मी व्हायला ७३ तास लागतात.

अडिनोसिन साधारण ६ मिनिटे सलाइनसारखे हळूहळू चढवतात. ते रक्तात १० सेकंदांच्या आत निम्मे होते, म्हणून थेंब थांबवला की परिणामही लगेच ओसरतो. रेगाडेनोसॉन मात्र एकाच ठराविक मात्रेत, ०.४ मिलिग्रॅम, सुमारे १० सेकंदांत देतात. वजनाचा हिशेब नाही, पंप नाही. सोपे आहे. पण एकदा दिले की परत काढता येत नाही. म्हणून प्रश्न सुई टोचण्याआधीच विचारायचे असतात.

“काही खाल्लो नाही जी, फक्त चाय पिलो”

रुग्णाला सांगितले जाते, “उपाशीपोटी या.” आता आपल्याकडे उपाशीपोटी म्हणजे काय? भाकर नाही, भात नाही, नाश्ता नाही. चहा हे आपल्या लोकांच्या हिशेबात खाणे नाहीच. पहाटे वडशाहून निघायचे, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत शंभरावर किलोमीटर जायचे, आणि वाटेत गाडी थांबली की एक कप घ्यायचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असेल तर आदली रात्र मंडपात चहावरच निघालेली असते.

या तपासणीत नेमका चहाच नडतो. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट यांत कॅफिन असते. अडिनोसिन आणि रेगाडेनोसॉन शरीरातल्या ज्या खुंटीवर जाऊन काम करतात, त्याच खुंटीवर कॅफिन आधीच आपली पिशवी टांगून बसते. मग औषधाला जागा उरत नाही, रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंद होत नाहीत.

रेगाडेनोसॉनच्या अधिकृत माहितीपत्रकात एका अभ्यासाची नोंद आहे. रुग्णांना इंजेक्शनच्या ९० मिनिटे आधी २०० किंवा ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तेव्हा आधी दिसलेले दोष सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसले. एका कप चहात एवढे कॅफिन नसते हे खरे. पण किती कपांपर्यंत चालते अशी सीमारेषा आखणे धोक्याचे आहे, म्हणून नियम साधा : किमान १२ तास अजिबात नाही. अनेक केंद्रे २४ तास सांगतात, ते पाळावे. काळा चहाही चहाच. ‘कॅफिनमुक्त’ लिहिलेल्या कॉफीतही थोडे कॅफिन असते. डोकेदुखीसाठी घेतली जाणारी सारिडॉन आणि सर्दीच्या काही गोळ्या यांतही ते असते.

यात खरा धोका कोणता? लोकांना वाटते, चहा प्यायलो तर इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येईल. तसे नाही. धोका असा की अडथळा असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. रुग्ण आनंदाने घरी येतो, गोळ्या सोडतो, रोवणीला चिखलात उतरतो. चुकीच्या भीतीपेक्षा चुकीचा दिलासा जास्त घातक असतो. दुसरी शक्यता अशी की केंद्रात कोणीतरी विचारते, रुग्ण खरे सांगतो आणि तपासणी रद्द होते. गाडीभाडे गेले, सोबतच्या मुलाची मजुरी बुडाली, पुढची तारीख आठवड्यानंतरची. आणि याच भीतीने पुढच्या वेळी रुग्ण खरे सांगत नाही.

दम्याची गोळी : दोन्हीकडून अडचण

दमा आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांना डेरिफायलिनसारख्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्यांत थिओफायलिन असते, आणि ते कॅफिनच्याच कुळातले. म्हणजे या गोळीनेही तपासणी निकामी होऊ शकते. पण गोळी बंद करून रुग्ण पाठवला तर? ज्याला दमा आहे त्याच्या श्वासनलिका ही इंजेक्शने आकसू शकतात. ऐन टेबलावर धाप लागू शकते.

त्यामुळे “तपासणीआधी गोळी बंद करा” एवढी सूचना अपुरी आहे, आणि “काही होत नाही, जा” हे तर चूकच. दमा किती आहे, छातीत आज घरघर आहे का, पंप किती वेळा लागतो, हे पाहून ठरवावे लागते : तपासणी पुढे ढकलायची, की डोब्युटामिनने किंवा वेगळ्या पद्धतीने करायची. हा निर्णय घेण्याची योग्य जागा म्हणजे रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना. नागपूरच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाला या रुग्णाची छाती गेल्या पावसाळ्यात कशी होती हे कसे कळणार?

कोणाला हे इंजेक्शन द्यायचे नाही?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २० नोव्हेंबर २०१३ रोजी अडिनोसिन आणि रेगाडेनोसॉन यांच्याबद्दल डॉक्टरांना इशारा दिला होता. या इंजेक्शनांनंतर क्वचित हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू झाल्याच्या नोंदी होत्या. त्यामुळे ज्यांच्या छातीतले दुखणे अस्थिर आहे, ज्यांची हृदयाची अवस्था स्थिर नाही, त्यांना ही औषधे देणे टाळावे, असे सांगण्यात आले.

साध्या भाषेत : बसल्या-बसल्या छातीत दुखत असेल, दुखणे दोन-चार दिवसांत वाढले असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर तो रुग्ण तपासणीच्या तारखेची वाट पाहणारा नाही. त्याला आजच रुग्णालयात भरती करायचे आहे. “येत्या मंगळवारी तारीख मिळाली आहे, तोवर थांबू” हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. ते ऐकले की मला काळजी वाटते.

याशिवाय आधी सांगायलाच हव्यात अशा गोष्टी :

– नाडी फार मंद आहे, चक्कर येऊन पडला होतात, ‘हार्ट ब्लॉक’ सांगितला आहे. पेसमेकर नसताना अशा काही रुग्णांना हे औषध देता येत नाही.
– मिरगी आहे किंवा पूर्वी फिट आली आहे. रेगाडेनोसॉनने फिट येण्याची शक्यता वाढू शकते, आणि तशी फिट आली तर या औषधाचा नेहमीचा उतारा, अमिनोफायलिन, वापरता येत नाही.
– डायपिरिडामोलची गोळी सुरू आहे. ती अडिनोसिनचा परिणाम वाढवते.
– रक्तदाब कमी राहतो किंवा पूर्वी पक्षाघात झाला आहे.
– गरोदर आहात किंवा बाळ अंगावर पिते आहे.
– मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे. उपाशीपोटी औषध घेऊन लांबचा प्रवास केला तर साखर वाटेतच उतरेल. त्या सकाळी काय घ्यायचे ते आधी विचारून घ्या.

रक्तदाबाच्या, ठोके कमी करण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. काही तपासण्यांत त्या थांबवतात, काहींत नाही. ते डॉक्टर सांगतील. चालू औषधांची यादी लिहिता येत नसेल तर सगळी पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या.

इंजेक्शन दिल्यावर काय वाटते?

अंगात गरम लाट येते, चेहरा तापतो, दम लागल्यासारखे होते, डोके जड होते, छातीवर दाब येतो, पोटात कसेसे होते. रेगाडेनोसॉनच्या अभ्यासांत साधारण चारपैकी एका रुग्णाला धाप आणि तितक्यांनाच डोकेदुखी जाणवली. बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटते, डोकेदुखी थोडी जास्त वेळ टिकते.

हे आधी माहीत असेल तर रुग्ण घाबरत नाही. माहीत नसेल तर त्याला वाटते, आपल्याला झटका आला. आणि काही जण उलट वागतात : आपण बोललो तर तपासणी बंद करतील म्हणून दात-ओठ खाऊन गप्प राहतात. तसे करू नका. जे वाटते ते लगेच सांगा. तिथे ईसीजी सुरू असतो, उतारा आणि डॉक्टर हाताशी असायला हवेत, ते त्यासाठीच.

तपासणी झाल्यावर लगेच बसस्थानक गाठू नका. बरे वाटेपर्यंत थांबा, सोबत माणूस ठेवा. परतीच्या वाटेत छातीत दुखले, श्वास अडकला, बोलणे अडखळले तर वडशापर्यंत पोहोचण्याची वाट पाहू नका. वाटेत जे मोठे रुग्णालय असेल तिथे उतरा.

जबाबदारी कोणाची?

तपासणी केंद्रे म्हणतील, आम्ही संमतीपत्र भरून घेतो. असे एक संमतीपत्र मी पाहिले आहे : दोन पाने, बारीक टाइप, सगळे इंग्रजीत, खाली रुग्णाचा अंगठा. त्यात चहाचा उल्लेखही होता, पण अंगठा उठवणाऱ्याला तो कळणार कसा? समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नोंदवला आहे. इंजेक्शनच्या खोक्यातले माहितीपत्रक तर रुग्णाच्या नजरेलाही पडत नाही. खोके तपासणीच्या खोलीत उघडते आणि तिथेच टाकले जाते.

पण सगळे केंद्रावर ढकलून आपण, गावोगावचे डॉक्टर, मोकळे होऊ शकत नाही. चिठ्ठीवर तपासणीचे नाव लिहिले की काम संपत नाही. काही सहकारी म्हणतात, इतके सांगितले तर पेशंट घाबरेल, जाणारच नाही. माझा अनुभव वेगळा आहे. धानाला कोणते खत कधी द्यायचे, कोणत्या फवारणीनंतर किती दिवस शेतात जायचे नाही, हे जो पाळतो, त्याला “बारा तास चहा नको, कारण रिपोर्ट खोटा येईल” हे नक्की कळते. कारण सांगितले की माणूस पाळतो, नुसता हुकूम दिला की विसरतो. वेळ नाही ही सबबही टिकत नाही, हे सगळे पाच मिनिटांत होते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तपासणीची तारीख देताना केंद्राने मराठीतला एक मोठ्या अक्षरांचा कागद द्यावा, आणि आदल्या दिवशी दुपारी एक फोन करावा. संध्याकाळी नको, तोवर चहा होऊन गेलेला असतो. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरने त्याच चिठ्ठीच्या मागे चार ओळी लिहाव्यात : दमा आहे की नाही, फिट आहे की नाही, नाडी किती, कोणती गोळी कधीपासून थांबवली.

हे मिळाले नाही तर रुग्णांनी आणि नातेवाइकांनी स्वतः विचारावे : “इंजेक्शन कोणते देणार? माझ्या कोणत्या गोळ्या चालणार नाहीत? चहा कधीपासून बंद? त्रास झाला तर उतारा आहे ना?” यात कोणाचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला असा रुग्ण आवडतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)