मिरजेतला समुद्र, सव्वीस अंशांवर

मिरजेत काय नाही? जंक्शन आहे, दवाखाने आहेत, सतारमेकर गल्ली आहे, दर्ग्याचा उरूस आहे. समुद्र तेवढा नाही. तो आंबा घाट उतरून रत्नागिरीला, पावणेदोनशे-एक किलोमीटरवर. ही उणीव भरून काढायचं सध्या माझ्या मावसभावाने मनावर घेतलंय. बँकेत आहे, नुकताच टॉप फ्लोअरचा फ्लॅट घेतलाय, मार्चअखेरचा इन्सेन्टिव्ह हातात पडला आणि पठ्ठ्याने तीन फूट बाय दीड बाय दीडची काचेची टाकी बनवून घेतली. गप्पी आणि गोल्डफिश नकोत, ते सगळ्यांकडेच असतात. ह्याला हवीये खाऱ्या पाण्याची टाकी. ‘फाइंडिंग नेमो’ २००३ साली आला तेव्हा हा दुसरीत होता, त्याचा परिणाम आत्ता दिसतोय.

पुण्यात मी सहा वर्षं अशी टाकी सांभाळते, त्यामुळे आमच्या खानदानात ह्या विषयातली मी अथॉरिटी. फोन आला. “ताई, पाणी भरलंय, मीठ घातलंय, रविवारी मुंबईवरनं मासे आणतो. येणार नव्हं?”

“पाणी किती अंशांवर आहे?”

“गारच आहे की!”

मासे रद्द करायला लावले. तो दोन दिवस फुगून बसला होता, पण आकडे सांगितल्यावर गप्प झाला. बँकवाल्यांचं एक बरं असतं, आकड्यांशी ते भांडत नाहीत.

नेमो, म्हणजे क्लाउनफिश, ज्या समुद्रातला, तिथलं पाणी वर्षभरात दोन-चार अंश इकडेतिकडे होतं आणि त्यालाही महिने लागतात. टाकीत २४ ते २७ अंश चालतं, मी २६ धरते. पण खरी गोम आकड्यात नाही, चढउतारात आहे. दिवसाला एक अंशाच्या आत फरक, हे टार्गेट. समुद्राला तापायला अख्खा ऋतू लागतो. दोनशे लिटरला मिरजेतली एक दुपार पुरते.

तापलं तर होतं काय? २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. खाऱ्या पाण्यात मुळातच कमी, ६.७. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की ६.२. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या अंगातलं सगळं चक्र जोरात फिरायला लागतं, त्याला ऑक्सिजन जास्त हवा असतो. म्हणजे खर्च वाढला आणि पगार कापला. मासा वर येऊन कल्ले हलवत धापा टाकतो आणि आपण म्हणतो, बघा कसा खेळतोय.

प्रवाळाचं तर आणखी नाजूक. तिथल्या नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं, तर ते पांढरं पडायला लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला हेच झालं. (जाता जाता: जिवंत प्रवाळ घरात ठेवायचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. कुणी गुपचूप विकत असेल तर तिथून बाहेर पडायचं. टाकीत कोरडा नाहीतर कृत्रिम दगड चांगला दिसतो.)

तर माझा सल्ला एकच होता, आणि नवी टाकी लावणाऱ्या प्रत्येकाला तोच आहे. पहिला महिना-दीड महिना टाकी माशांशिवाय चालवायची. पंप चालू, दिवे चालू, पाणी खारं, आत कुणी नाही. तसंही हे करावंच लागतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू दगडावाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. चिमूटभर खाद्य टाकून त्यांना तेवढं पोसत राहायचं. बहुतेक जण हा काळ कॅलेंडरकडे बघत, बोअर होत काढतात. आपण तो थर्मामीटरकडे बघत काढायचा. सकाळी सहा, दुपारी चार, रात्री अकरा. काचेला बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी मिळते तिच्यावर जाऊ नका, ती अर्धं पाण्याचं आणि अर्धं खोलीचं तापमान सांगते. आत बुडणारा थर्मामीटर घ्या. दोन घ्या, कारण एकटा खोटं बोलला तर कळत नाही.

भावाने एक्सेल शीट केली. पहिला आठवडा: सकाळी २८, दुपारी साडेएकतीस, रात्री साडेतीस. हे मासे आणले असते तर त्यांच्या अंगावर गेलं असतं.

मग कारणं शोधायला लागलो. टाकी पश्चिमेच्या खिडकीशेजारी होती, ती आतल्या भिंतीला हलवली. (भरलेली टाकी दोन-सव्वादोनशे किलोची असते. ती उपसूनच हलवावी लागते, म्हणून जागा आधी ठरवा.) पाणी फिरवणारा पंप २५ वॅटचा. तो दिवसरात्र चालतो आणि त्याची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. उष्णता बाहेर गेलीच नाही तर एवढ्यानेच दोनशे लिटर पाणी दिवसात अडीच अंश चढेल. तो बदलून कमी वॅटचा घेतला. दिवे एलईडीचेच होते, पण ते दुपारी लागायचे, बघायला घरात कुणी नसताना. टायमर संध्याकाळी सहा ते रात्री बारावर नेला. स्लॅबखालच्या त्या खोलीतला एवढा सगळा उद्योग केल्यावर दुपारचा आकडा तीसवर आला.

उरलेल्या चार अंशांसाठी त्याला चिलर घ्यायचा होता. पाणी गार करणारं मशीन, किंमत टाकीपेक्षा जास्त. मी नको म्हटलं. मिरज ही रत्नागिरी नाही, ह्याचा इथे फायदा आहे.

माठाचा फंडा आपल्याला माहीत असतो, फक्त टाकी दिसली की आपण तो विसरतो. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितकं हे जोरात चालतं. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी मिरजेत हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तो पारा २१-२२ ला थांबतो. रत्नागिरीत हवा ३३ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असली तर २८ ला. म्हणजे तिथे समुद्र दारात असून कितीही पंखे लावा, सव्वीस होणार नाही. मुंबईकर मंडळींना म्हणूनच चिलरशिवाय गत्यंतर नसतं, आणि बहुतेक दुकानदारांचे सल्ले मुंबईचे असतात.

आम्ही कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडून १२ व्होल्टचे दोन पंखे आणले, अगदी किरकोळ पैशांत. वरचं काचेचं झाकण काढून बारीक जाळी लावली (मासे उड्या मारतात) आणि पंखे पाण्यावर तिरके बसवले. सोबत छोटा थर्मोस्टॅट: २६.५ ला पंखा चालू, २६ ला बंद. चौथ्या दिवशी दुपारचा आकडा २६.८. मेसेज आला, “ताई, लई भारी!”

बर्फाच्या बाटल्या सोडणारेही भेटतील. हिशेब करून बघा. एक लिटरची गोठवलेली बाटली वितळून पाण्याइतकी होईपर्यंत दोनशे लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते. तेवढंच एक लिटर पाणी पंख्याने उडवलं तर जवळजवळ तीन अंश. शिवाय बाटलीने आकडा झपकन खाली येतो आणि तासाभरात परत चढतो. तो झोकाच तर आपल्याला नकोय. बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा, पण इमर्जन्सीसाठी.

इमर्जन्सी म्हणजे लाइट जाणं. भर मे महिन्यात दुपारी दोनला लाइट गेली की पंप बंद, पंखा बंद, ऑक्सिजनही बंद. पंख्याच्या बाजूने माझं आणखी एक मत इथे पडतं. दोन पंखे आणि एक हवेचा पंप मिळून दहा-पंधरा वॅटसुद्धा खात नाहीत, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात. चिलरचं तसं नाही.

पंख्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. लिटरला ३५ ग्रॅमने सुरुवात केली आणि आठवडाभर बघितलंच नाही, वीस लिटर गेलं, तर मीठ जवळपास ३९ वर. म्हणून रोज भर घालायची, आणि ती गोड्या पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. भर घालायचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून थेट घेऊ नका, दुपारी त्यात चहा होईल. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून आरओचं घ्या आणि रात्रभर घरात ठेवा. आरओमधून एक लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं, ते बादलीत धरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ह्याच मिरजेच्या स्टेशनातून लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या गावात नेमोसाठी पाणी मोरीत सोडताना हात जरा अडखळायला हवा. भावाकडे आता फरशी त्याच पाण्याने पुसतात.

मीठ मोजायचा तरंगता हायड्रोमीटर वापरत असाल तर त्यावर कोणतं तापमान छापलंय ते बघा. गरम पाणी विरळ असतं. २५ अंशांसाठी बनवलेला काटा ३१ अंशांच्या पाण्यात लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम मीठ कमी दाखवतो, आणि आपण बिनधास्त आणखी मीठ घालतो. पाणी सव्वीसवर आणा, मग मोजा.

मासे कधी आणायचे? मिरजेत माझं उत्तर जुलै. पाऊस स्थिरावलेला असतो, दिवस-रात्रीच्या हवेत फरक कमी, टाकी फारसं काही न करता जागेवर राहते. हवा दमट असल्याने पंखा तेव्हा कमी काम करतो, पण त्याची गरजही कमी असते. एप्रिलमध्ये रिकामी चालवलेली टाकी जुलैपर्यंत चांगली पिकलेली असते. घेताना समुद्रातून पकडलेले नकोत, पिंजऱ्यात नव्हे तर हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश मागा. विझिंजम आणि मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्रांनी ते तंत्र कधीच बसवलंय, आता असे मासे मिळतात. जन्मापासून टाकीतच वाढल्यामुळे ते टिकतात. आणि नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षंही जगतो. होम लोन फिटेपर्यंत सोबत करेल, असं मी भावाला सांगितलं.

डिसेंबरचं सामान जुलैमध्येच आणून ठेवा. मिरजेत तेव्हा दिवसा तीस आणि पहाटे चौदा-पंधरा असतं, म्हणजे मोठाच झोका. हीटर लागतोच. दोनशे लिटरला एक मोठा न घेता शंभर-शंभर वॅटचे दोन. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेत अडकतो. मोठा एकटा अडकला तर सकाळपर्यंत माशांचं कालवण. छोटा अडकला तर आकडा हळू चढतो, आपल्याला दिसायला वेळ मिळतो. एक बंद पडला तर दुसरा तग धरतो. पाणी बदलताना दोन्ही बंद करायचे, उघडी पडलेली तापलेली काच पाणी लागताच तडकते.

भाऊ मासे मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने आणणार आहे, थर्माकोलच्या खोक्यात, म्हणजे गाडी सकाळी मिरजेत आणि मासे तासाभरात घरी. खोकं उघडल्यावर पिशवी तशीच, तोंड न सोडता, वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, खोलीतला दिवा मालवून. दोन्हीकडचं पाणी एका तापमानाला आलं की पिशवी उघडायची आणि टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंबथेंब तिच्यात सोडायचं, तासभर. मग मासा जाळीने उचलून आत, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. त्या दिवशी खायला काही घालायचं नाही. मावशीला हे आधीच सांगून ठेवलंय.